टॅबलेटवरचं चित्र आणि मराठी अक्षर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या माणसाला एलिमेंटरीची परीक्षा ठाऊक असते. कला संचालनालयाची ही रेखाकला परीक्षा. तिच्यात वस्तुचित्र वेगळं, स्मरणचित्र वेगळं, संकल्पचित्र वेगळं आणि भूमिती-अक्षरलेखनाचा पेपर आणखी वेगळा. टॅबलेटवर चित्रं काढू पाहणाऱ्या मुलांनी ॲप निवडताना एवढी विभागणी ध्यानात ठेवली, तरी निम्मा गोंधळ मिटतो.

आमच्या बार्शीटाकळीत माझी भाची मला विचारते, “मामू, सगळ्यात चांगलं ॲप कोणतं?” मी तिला उलट विचारतो, “तुला काय करायचं आहे? हातानं चित्र काढायचं, की लग्नपत्रिका मांडायची?” कारण ही दोन कामं आहेत आणि त्यांची हत्यारंही दोन.

हातानं काढायचं असेल, तर स्केचबुक हे ॲप नवशिक्याला सोपं. पडदा मोकळा, पेन्सिल-ब्रश हाताशी, आणि मूळ ॲप फुकट. आयबिसपेंट हे जपानी ॲपही फुकट चालतं, पण मधे मधे जाहिराती सोसाव्या लागतात. क्रिटा पूर्णपणे मोफत आणि ताकदवान. मात्र त्याची बटणं संगणकासाठी आखलेली, त्यामुळे लहान टॅबलेटवर बोटं अडखळतात. प्रोक्रिएटचं नाव सगळीकडे ऐकू येतं. ते २०११ साली आलं, एकदाच पैसे भरून मिळतं, पण फक्त ॲपलच्या आयपॅडवर आणि आयफोनवर. साधा अँड्रॉइड टॅबलेट घरात असेल, तर त्याची हळहळ करू नये.

ॲपपेक्षा पेनाकडे आधी बघा, असं माझं मत आहे. रबरी टोकाचं स्वस्त पेन म्हणजे दुसरं बोटच. दाब ओळखणारं पेन असेल, तर हलक्या हातानं बारीक आणि जोर देताच जाड रेष उमटते. बोरू धरलेल्या माणसाला यातला फरक सांगायला नको. टॅबलेट त्या पेनासाठी बनलेला आहे का, हे मात्र दुकानातच रेघ ओढून पाहावं.

चित्राच्या ॲपमध्ये पहिल्या दिवशी शिकावी ती गोष्ट म्हणजे थर. आमच्याकडे कालंका देवीचं जुनं हेमाडपंती मंदिर आहे. त्याचा फोटो खालच्या थरावर ठेवून फिका करायचा. वरच्या थरावर खांबांच्या रेषा, त्यावरच्या थरावर छाया. शेवटी फोटोचा थर काढला, की तुमचं चित्र उरतं. ट्रेसिंग पेपरचाच हा प्रकार. काही कलाशिक्षक नाक मुरडतील. त्यांचंही खरं आहे. एकदा तरी मंदिरासमोर बसून, फोटोशिवाय काढावं.

आता मांडणीचं काम. पत्रिका, वाढदिवसाचा फलक, दुकानाची पाटी. यासाठी कॅनव्हा हे ऑस्ट्रेलियातलं ॲप बरं. तयार नमुने मिळतात, मजकूर बदलला की झालं. पण ते बहुतांशी इंटरनेटवर विसंबलेलं, आणि काही नमुने पैसे भरल्याशिवाय उतरवता येत नाहीत.

इथंच माझ्यासारख्या कवीच्या जिव्हाळ्याचा प्रश्न येतो, अक्षराचा. टंकलेली मराठी अक्षरं यंत्रात सुटी साठवलेली असतात. त्यांची जोडणी पडद्यावर ॲपला करावी लागते. कच्चं ॲप र, मोडका पाय आणि श असे शेजारी शेजारी मांडून मोकळं होतं. रफार शच्या डोक्यावर चढतच नाही. म्हणून ॲप घेतल्याबरोबर त्यात ‘बार्शीटाकळी’ लिहून पाहा. मग ‘विद्यार्थी’ आणि ‘दुसऱ्या’. हे तीन शब्द नीट उमटले, तर पुढं जायला हरकत नाही. आमच्या घरच्या पत्रिकेत एक बाजू उर्दूची असते. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते आणि शब्दातल्या जागेप्रमाणे अक्षर रूप बदलतं. कच्च्या ॲपमध्ये वराचं नाव सुट्या अक्षरांत, तेही उलटं छापलं जातं! लग्नघरात याहून मोठी फजिती कोणती?

सुंदर टंकांसाठी पैसे मोजायची गरज नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त, बलू हे देवनागरी टंक मोफत आहेत आणि धंद्याच्या कामालाही वापरता येतात. उर्दूसाठी नोटो नस्तालिक आहे. विंडोजमधला ‘मंगल’ हा टंक र. कृ. जोशींनी घडवला. ते सुलेखनकार होते आणि मराठीतले कवीही, हे आवर्जून सांगावंसं वाटतं.

छपाईचं गणित सुरुवातीलाच करावं. चांगल्या छपाईला एका इंचात ३०० ठिपके लागतात. म्हणजे ए-फोर कागदासाठी कॅनव्हास २४८० बाय ३५०८ ठिपक्यांचा हवा. मोबाईलवर झकास दिसणारं १०८० बाय १०८० चं चित्र याच हिशेबानं छापलं, तर जेमतेम नऊ सेंटिमीटरचं होतं. ताणून मोठं केलं की कडा फाटतात. मोठ्या फलकाची गोष्ट थोडी वेगळी, तो दुरून पाहायचा असल्यानं कमी ठिपक्यांवर भागतं.

काम संपलं, की दोन प्रती ठेवा. थरांसकट एक, म्हणजे पुढं दुरुस्ती करता येते. आणि छपाईसाठी पीएनजी किंवा पीडीएफ. त्या टॅबलेटबाहेर, मेमरी कार्डावर न्या. जे ॲप आपलंच चित्र बाहेर नेऊ देत नाही, ते कितीही देखणं असलं तरी काढून टाकावं. आणि छापखान्यात पत्रिकांचा गठ्ठा सांगण्याआधी एक प्रत छापून बघा. पडद्यावरचा झगझगीत पोपटी रंग प्रकाशाचा असतो, शाईत तो मळकट उतरतो.