अनोळखी ढोलाची ओळख

एखादी जुनी वस्तू पुढे आली म्हणजे आपण प्रथम तिच्यावरचे नाव वाचतो. नाव नसेल तर मालक सांगेल ती हकीकत ऐकतो. दोन्ही गोष्टी स्वाभाविक आहेत, पण पुरावा म्हणून दोन्ही लंगड्या. नावाची पट्टी एका ढोलावरून काढून दुसऱ्यावर ठोकता येते, आणि हकीकत तर दर पिढीला थोडी वाढतच जाते. मग ओळख पटवावी कशी?

हा प्रश्न आम्हांस भिवंडीच्या कामतघरात, वऱ्हाळादेवीच्या तलावाजवळच्या एका घरी पडला. घरात लग्नाच्या बँडमधला एक जुना साइड-ड्रम होता. आजींच्या सासऱ्यांनी तो आणलेला. नातवाला गिऱ्हाईक भेटले होते. ढोल विलायती असल्याचे कोणा जाणत्याने कागदावर लिहून दिले तर चांगली किंमत येणार होती. नाही तर भंगाराच्या भावाने. कागद आम्ही द्यावा, अशी अपेक्षा होती. नावाची पट्टी नव्हती. ती जेथे होती तेथे दोन बारीक भोके तेवढी उरली होती.

साइड-ड्रमची रचना आधी सांगितली पाहिजे. आपल्या तबल्याला ताण येतो तो वादीने आणि गट्ट्यांनी, ढोलकीला दोरीने. या ढोलाला तो स्क्रूने येतो. कातड्यावरचे कडे स्क्रू खाली ओढतात, आणि पिंपाला बसवलेल्या ज्या बोंडांत हे स्क्रू फिरतात त्यांना लग म्हणतात. खालच्या कातड्याला तातीच्या दोऱ्या किंवा तारा घासून असतात. ढोलाचा चरचरीत आवाज त्यांचाच. त्या सैल-घट्ट करणारा खटका बाजूस असतो. कातडे फाटते, रंग उडतो; पण हे धातूचे सामान टिकते, आणि काळाची खूण बहुधा त्यावरच राहते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत वाद्यांसाठी धातू वापरण्यावर निर्बंध आले, तेव्हा तेथील कारखान्यांनी लगसुद्धा लाकडाचे केले. असा लाकडी लग दिसला की ढोलाचे साल जवळजवळ हातीच येते.

मात्र प्रत्येक खुणेला किती बोलू द्यायचे हे ठरवावे लागते. या ढोलावर प्लास्टिकचे पान होते. अशी पाने १९५७ च्या सुमारास बाजारात आली. पण पान बदलता येते, म्हणून त्यावरून पानाचे वय कळते, ढोलाचे नव्हे. लगांवर पिवळसर झाकेचा निकेलचा मुलामा होता. निळसर क्रोमचा मुलामा धंद्यात रुळला तो १९२० नंतरच्या दशकात. तेव्हा मूळचा क्रोम असता तर ढोल त्याआधीचा नाही, एवढे म्हणता आले असते. निकेल मात्र आधीही होते आणि नंतरही राहिले. खालच्या दोऱ्या तातीच्या होत्या. लष्करी ढोलांना त्या असत, पण त्याही बदलता येतात.

उरले स्क्रू. आम्ही एक काढून मोजला. एका इंचात २४ आटे! अमेरिकन ढोलांच्या स्क्रूंना २४ आटे असतात, म्हणून आम्ही घाईने अमेरिकेचे नाव घेतले. नातू आम्हांस जवळच्या एका लेथवाल्याकडे घेऊन गेला. मागावरचे सामान दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेलेला. त्याने आटे तपासण्याची पाती काढली, लावून पाहिली आणि मान हलवली. आटे विटवर्थचे होते. विटवर्थच्या पद्धतीत ७/३२ इंची स्क्रूलाही २४ च आटे असतात आणि जाडीही अमेरिकन स्क्रूच्या इतकी जवळ, की नुसत्या मोजणीने फसगत व्हावी. फरक कोनाचा. विटवर्थने १८४१ साली इंग्लंडात ठरवलेला आटा ५५ अंशांचा, अमेरिकन ६० अंशांचा. एक एक करून पाहता आठांपैकी सहा स्क्रू जुने निघाले; दोन इकडेच कातून घातलेले.

मग ढोल विलायती ठरला काय? येथेच थांबावे लागते. इंग्रजी अमलात हिंदुस्थानातल्या कारखान्यांतूनही विटवर्थचेच आटे चालत. आणि मीरतेत जली कोठीच्या वस्तीत बँडची वाद्ये इंग्रजी नमुन्यावर घडत आली आहेत; तेथील नादिर अली यांची पेढी १८८५ सालची. आम्ही लग पुन्हा पाहिले. दोन लगांमधले अंतर कुठे अधिक, कुठे उणे. प्रत्येक लगावर कानशीचे ओरखडे निराळे. साच्याच्या कारखान्यातले काम असे नसते. ढोल हाताने घडवलेला, बहुधा आपल्याच देशातला, असे आमचे मत झाले.

कागद मिळणार नाही हे कळल्यावर नातू हिरमुसला. आजींना वाईट वाटेल म्हणून आम्ही चाचरतच बोललो. त्या म्हणाल्या, "पलटणीचा आहे असं मामंजी म्हणायचे. विलायतेचा आहे असं कधी म्हणाले?"

आम्ही निरुत्तर झालो. छावण्यांचे बँड या देशात घडलेली वाद्येही वाजवीत. ढोल पलटणीतला होता हे स्क्रूंनी सिद्ध होत नाही. पण खोटेही ठरत नाही. मामंजींची गोष्ट आहे तेवढीच राहिली. वाढवली होती ती पुढच्यांनी.

ज्यांच्या घरी असा ढोल असेल त्यांस एवढेच सांगणे : मुलामा नवा करू नका, जुने स्क्रू फेकू नका, रिकामी भोके बुजवू नका. चकाकी बाजारात मिळेल, ओरखडे मिळणार नाहीत. कामतघरचा ढोल अजून विकला गेलेला नाही. त्याचे स्क्रू घट्ट करून देण्याचे काम त्या लेथवाल्याने आपणहून घेतले आहे.