त्वचेचे दार कोणासाठी उघडणार?

मानवी त्वचा ही निसर्गाने बांधलेली तटबंदी आहे. तिचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाहूनही बहुधा पातळच असतो. परंतु पाणी, जंतू आणि बहुतेक रसायने यांना तो बाहेरच थोपवून धरतो. तथापि या तटबंदीलाही चोरवाटा आहेत. डायनामाइटच्या कारखान्यांतील कामगारांना त्यांचा अनुभव फार पूर्वीच आला होता. रविवारची सुट्टी संपवून सोमवारी कामावर आले की त्यांचे डोके असह्य दुखू लागे. नायट्रोग्लिसरीन हा स्फोटक द्रव त्यांच्या त्वचेतून आणि श्वासावाटे रक्तात शिरत असे आणि रक्तवाहिन्या रुंदावत असे. याच द्रवाचा हृदयशूळावर गुण येतो, हे लंडनचे डॉक्टर विल्यम मरेल यांनी १८७९ मध्ये दाखवून दिले. पुढे शंभरएक वर्षांनी त्याच नायट्रोग्लिसरीनची पट्टी हृदयरोग्यांच्या छातीवर चिकटवली जाऊ लागली.

पट्टीचा मार्ग

पोटातून घेतलेले औषध रक्ताभिसरणात मिसळण्यापूर्वी यकृतातून जाते आणि त्याचा काही भाग तेथेच नष्ट होतो. शिवाय गोळी घेताच रक्तातील औषधाचे प्रमाण चढते आणि काही तासांनी उतरते. त्वचेवरील पट्टी औषध थेंबाथेंबाने, एकसारख्या गतीने सोडते. अशी पहिली पट्टी अमेरिकेत १९७९ मध्ये मान्य झाली. ती होती प्रवासातील मळमळीवरच्या स्कोपोलामाइनची. कानामागे चिकटवली की तीन दिवस काम देणारी. त्यानंतर हृदयशूळ आणि स्त्रियांची रजोनिवृत्ती यांवरील पट्ट्या आल्या. १९९१ मध्ये धूम्रपान सोडविणारी निकोटिनची पट्टी आली.

यांपैकी कोणतेही औषध निरुपयोगी नाही. परंतु या यादीतील बहुतेक पट्ट्या ज्यांच्यासाठी प्रथम तयार झाल्या, ते संपन्न देशांतील आणि पुन्हा पुन्हा खरेदी करू शकणारे ग्राहक होते. गरज आणि मागणी हे शब्द अर्थशास्त्रात समानार्थी नाहीत. गरजेच्या पाठीशी क्रयशक्ती उभी राहिली तरच तिची मागणी होते, आणि कारखानदार मागणीकडे पाहतो, गरजेकडे नव्हे.

अर्थात सारा दोष बाजाराच्या माथी मारणे न्याय्य ठरणार नाही. त्वचेतून आपसूक झिरपण्यासाठी औषधाचे रेणू लहान असावे लागतात. त्यांचा रेणुभार साधारणपणे ५०० च्या आत असावा लागतो आणि मात्राही अल्प पुरावी लागते. लसीतील विषाणू या मोजमापाच्या मानाने अवाढव्य. त्यांना ही वाट निसर्गानेच बंद केलेली होती.

निसर्गाची अडचण दूर झाली

ही अडचण आता उरलेली नाही. मिलिमीटरहूनही लहान असलेल्या असंख्य सुया एका पट्टीवर बसविल्या, तर त्या मृत थर भेदतात, पण वेदना देणाऱ्या मज्जातंतूंपर्यंत फारशा पोचत नाहीत. या कल्पनेचे पेटंट अमेरिकेत १९७६ मध्येच नोंदले गेले होते. तथापि इतक्या सूक्ष्म सुया घडविण्याचे तंत्र इलेक्ट्रॉनिक उद्योगातून हाती आल्यावरच, १९९८ मध्ये, जॉर्जियातील तंत्रसंस्थेच्या संशोधकांनी तिची प्रयोगाने प्रचीती दिली.

गोवर आणि रुबेला यांच्या लसीची अशी पट्टी आफ्रिकेतील गांबिया देशात प्रौढांवर व बालकांवर तपासण्यात आली आणि २०२४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पट्टी पाच मिनिटे लावलेल्या तान्ह्या मुलांपैकी ९३ टक्क्यांत गोवराविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण झाली. इंजेक्शन दिलेल्यांत हे प्रमाण ९० टक्के होते. तुलनेसाठी टोचलेली लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची होती. चाचणी लहान होती. मोठ्या चाचण्यांवाचून अंतिम निर्णय देता येणार नाही. परंतु मार्ग खुला आहे, एवढे तरी त्यातून सिद्ध झाले.

या मार्गाचे महत्त्व शहरातील सुसज्ज रुग्णालयात बसून कळणार नाही. गोवराची लस भुकटीच्या रूपात, अनेक मात्रांच्या कुपीत येते. ती थंड ठेवावी लागते, द्रवात कालवावी लागते आणि एकदा कालवली की काही तासांत संपवावी किंवा फेकून द्यावी लागते. मेळघाटातील एखाद्या पाड्यावर दोनच मुले हजर असतील, तर आरोग्यसेविकेने कुपी फोडावी की न फोडावी? फोडली तर लस वाया जाते. न फोडली तर मुले वंचित राहतात. एकेका मात्रेच्या पट्टीने हा पेच सुटतो. आणि हा पेच पुस्तकी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे १,०७,५०० माणसे गोवराने मेली. त्यांत बहुसंख्य पाच वर्षांखालील मुले होती. खुद्द मुंबईत २०२२ च्या अखेरीस गोवंडीसारख्या वस्त्यांत गोवराची साथ उसळली होती.

किमतीचा प्रश्न

पट्टी इंजेक्शनपेक्षा महाग पडेल, हा आक्षेप खरा आहे. पण हिशेब केवळ मात्रेच्या किमतीचा मांडणे चूक होय. वाया गेलेली लस, सिरिंज, बर्फपेट्यांची वाहतूक, प्रशिक्षित परिचारिकेचा वेळ आणि लसीसाठी बुडालेली मातेची मजुरी या रकमाही त्याच वहीत लिहिल्या पाहिजेत.

तरीही कारखानदाराला धोका पत्करावासा वाटणार नाही, कारण गरीब मुलांच्या लसीत नफा थोडा. येथे इतिहासाचा दाखला उपयोगी पडतो. देवीच्या निर्मूलनात दोन टोकांच्या सुईचा वाटा मोठा होता. या सुईने त्वचेवर टोचले की चौथ्या हिश्शाची लस पुरत असे आणि सामान्य कार्यकर्ताही ते तंत्र चटकन शिकत असे. सुई शोधणाऱ्या वायेथ कंपनीने आपले स्वामित्वशुल्क माफ केले होते. भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला. १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झाले.

मात्र कंपन्यांच्या औदार्यावर धोरण उभारता येत नाही. त्यासाठी खरेदीची आगाऊ हमी लागते. न्यूमोकोकस जंतूवरील लसीसाठी काही देशांनी व एका प्रतिष्ठानने २००९ मध्ये १५० कोटी डॉलरची अशी हमी दिली, आणि २०२० मध्ये पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही त्या योजनेत पुरवठादार म्हणून सामील झाली. गोवराच्या पट्टीसाठी हाच मार्ग चोखाळता येईल. चाचण्यांत पट्टी उतरली, तर अमुक वर्षे अमुक मात्रा घेऊ, असे भारताने आजच सांगितले, तर मोठ्या खरेदीदाराचा शब्द म्हणून त्याला वजन येईल. जगाला लस पुरविणाऱ्या देशाने एवढा पुढाकार घेणे मुळीच अवाजवी नाही.

पट्टीमुळे उपकेंद्रांची रिक्त पदे भरली जाणार नाहीत, की पाड्यावर रस्ता पोचणार नाही. ती कामे शासनाला करावीच लागतील. परंतु प्रवाशाच्या मळमळीसाठी जे दार १९७९ मध्येच उघडले, ते पाड्यावरील मुलासाठी केव्हा उघडणार, याचे उत्तर आता विज्ञानाकडे कमी आणि अंदाजपत्रकाकडे अधिक आहे.