गोल झाला की कीपरच वाईट?

‘श्रीजेश गेला आणि भारताचा गोल उघडा पडला.’ कॉलेजच्या कट्ट्यावर हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित स्वतःही फेकलं असेल. जून २०२५ मध्ये युरोपात प्रो लीगचे सलग सात सामने आपण हरलो आणि क्रिशन बहादूर पाठक व आपला मुंबईचा सूरज करकेरा हे दोघं गोलकीपर टीकेला सोपं गिऱ्हाईक झाले.

पण स्कोअर नीट बघा ना राव! सातपैकी सहा सामने एकेका गोलने गेले. नेदरलँड्सकडून १-२, २-३. अर्जेंटिनाकडून ३-४, १-२. ऑस्ट्रेलियाकडून दोनदा २-३. धुतलं फक्त बेल्जियमने, ६-३. त्याच बेल्जियमला दुसऱ्या दिवशी आपण ४-३ हरवलं. ऑगस्टअखेरीस राजगीरला आशिया कपची सुरुवातही अडखळतच झाली, चीनविरुद्ध ४-३, जपानविरुद्ध ३-२. तेव्हाही कुरकुर होतीच. फायनलला कोरियाला ४-१ हरवून कप आपण घेतला, तेव्हा मात्र कीपरचं नाव कुणी काढलं का?

पेनल्टी कॉर्नरला बचावासाठी कीपर धरून पाचच जण असतात. गोल ३.६६ मीटर रुंद, आणि ड्रॅगफ्लिक ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जाऊ शकतो. पहिला धावणारा बचावपटू एक बाजू झाकतो, दुसरी कीपर सांभाळतो. धावणाऱ्याला अर्धा सेकंद उशीर झाला, किंवा चेंडू मध्येच कुणाच्या स्टिकला लागून वळला, की टीव्हीवर हताश चेहरा दिसतो तो कीपरचाच.

आपल्या माणसाबाबत आपण इतके कडक नसतो. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेची टोकियोत राष्ट्रीय विक्रम करूनही फायनल हुकली. बीडमध्ये कुणी त्याला नावं ठेवली? पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅमला त्याने रौप्य आणलं. त्याच टोकियोत महिला हॉकी संघ पहिल्या तीन सामन्यांत ११ गोल खाऊन बसला होता. उपांत्यपूर्व फेरीत गोलमध्ये तीच सविता पुनिया होती. ऑस्ट्रेलिया शून्य, भारत एक.

आणि हे नुसतं कट्ट्यावरचं बोलणं राहत नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेची फायनल आपण पाकिस्तानकडून १-७ हरलो. गोलकीपर मीररंजन नेगींवर थेट ‘विकला गेला’ असा आरोप झाला. सात गोलांत बाकीच्या दहा जणांचा हिशेब कुणी मागितला नाही. नेगींची खेळाडू म्हणून कारकीर्द संपल्यात जमा झाली. प्रशिक्षक म्हणून ते परतले, पण कितीतरी वर्षांनी. ‘चक दे इंडिया’ बघून डोळे पुसणारे आपणच, आणि गोल झाला की शिव्या घालणारेही आपणच.

ऑगस्ट २०२६ मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये वर्ल्ड कप आहे. पेनल्टी कॉर्नर लागला की कीपरच्या आधी त्या पहिल्या धावणाऱ्याकडे बघा. तो कुठली बाजू झाकतोय ते दिसलं की मग बोला.