मागणी-पुरवठ्याचा नियम आणि लासलगावचा कांदा

किंमत वाढली की पुरवठा वाढतो, हा नियम अकरावी-बारावीचे विद्यार्थी घडाघडा म्हणून दाखवितात. ‘इतर परिस्थिती स्थिर असताना’ हे शेपूटही ते विसरत नाहीत; कारण त्यावाचून गुण कापले जातात. परंतु परिस्थिती स्थिर नसली म्हणजे काय होते, हा खरा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो.

लासलगावच्या बाजारात तो वारंवार निघतो. भाव पडला म्हणून काढलेला कांदा परत जमिनीत पुरता येत नाही आणि कर्जाचा हप्ता थकला असेल तर चाळीत साठविताही येत नाही. एका हंगामातील चढा भाव पाहून पुढील लागवड वाढते आणि माल येताच भाव कोसळतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने निर्यातबंदी घातली. ती मे २०२४ मध्ये उठली. तिने शहरातील ग्राहकाचे काय वाचले आणि उत्पादकाचे काय बुडाले, हा ताळेबंद मांडावयास एक तास पुरे.

महात्मा फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तो शेतकऱ्याचे कर्ज आणि सरकारी कर डोळ्यांपुढे ठेवूनच. अर्थशास्त्राचा आरंभ तेथून होतो.

आलेख शिकवूच नयेत असे नव्हे. पण महिना शेकडा दोन दराने व्याजावर व्याज चढले, तर वर्षाअखेर शंभरावर सुमारे २७ रुपये होतात, हे ज्याला काढता येत नाही, त्याचे गुणपत्रिकेतील नव्वद गुण त्याच्या घराच्या काय कामाचे?