घसरणारा क्लच

रोहिणी नक्षत्राच्या अखेरीस जहिराबादेहून आमच्या ज्येष्ठ बंधूंचा निरोप आला. "ट्रॅक्टर भंगारात देतो आहे. इंजिनात दम उरला नाही, असे वर्कशॉपवाले म्हणतात. तुला काही सांगावयाचे असेल तर रविवारी ये." मृग आठवड्यावर आलेला; मूग, उडीद, तूर पेरावयाची. अशा दिवसांत भाड्याचा ट्रॅक्टर मिळविणे म्हणजे दहा दारांत उभे राहणे, हे शेतकऱ्यास सांगावयास नको.

हा ट्रॅक्टर म्हणजे आमच्या तीर्थरूपांनी १९७४ साली घेतलेला बी-२७५. मूळचे हे वाण इंग्लंडातले. १९६३ साली महिंद्र आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या सहकार्याने आपल्याकडे कंपनी निघाली आणि हे यंत्र मुंबईत, कांदिवलीस, तयार होऊ लागले. चार सिलिंडरांचे डिझेल इंजिन, शक्ती सुमारे ३५ अश्वांची. तो दारी आला त्या दिवशी आईने त्याला ओवाळले होते आणि आम्ही मडगार्डावर बसून गावभर मिरवलो होतो. मुख्याध्यापकाने यंत्रात लुडबूड करू नये हे खरे. पण भंगार हा शब्द आमच्याने ऐकवला नाही.

सिकंदराबादच्या राणीगंजातील एका वृद्ध मिस्त्रींना विनवून आम्ही रविवारी सोबत नेले. त्यांनी हत्यारांस हातही लावला नाही. भरलेली ट्रॉली जोडून चढावर न्यावयास सांगितले आणि स्वतः बाजूने चालू लागले. चढ लागताच इंजिनाचा आवाज चढला, पण चाके मात्र संथच राहिली. आणि जळक्या वासाचा भपकारा आला. "इंजन खोलना नक्को, मास्टरसाब. आवाज सुनो, चढरा," मिस्त्री म्हणाले. विचार केला तर गोष्ट साधी आहे. इंजिन थकलेले असते तर ओझ्याखाली त्याचा आवाज दबला असता, त्याने काळा धूर ओकला असता. येथे इंजिन धावत होते आणि त्याचे धावणे चाकांपर्यंत पोहोचत नव्हते. दोहोंच्या मध्ये असतो तो क्लच : फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्या तळहातांत, स्प्रिंगांच्या जोरावर दाबून धरलेली चकती.

खात्रीसाठी मिस्त्रींनी सपाटीवर ब्रेक लावून, वरचा गिअर टाकून, क्लच हळूहळू सोडला. निरोगी क्लच असता तर इंजिन तत्काळ बंद पडते. आमचे घुरघुरतच राहिले. ही परीक्षा क्षणभराचीच घ्यावी. लांबविली तर उरलीसुरली चकतीही जळते. मग त्यांनी पायटा हाताने दाबून पाहिला. जोर लागण्यापूर्वी तो इंचभर तरी मोकळा हलावयास हवा. येथे मोकळीक मुळीच नव्हती. अस्तर झिजत जाते तशी ही मोकळीक आपोआप संपते. वेळीच सांधा फिरवून ती परत द्यावी लागते, नाही तर कोणी पाय न ठेवताही क्लच अर्धवट दाबलेला राहतो. त्यात दादांचा डावा पाय अखंड पायट्यावर विसावलेला! मिस्त्री त्या पायाकडे पाहत, पण बोलत नव्हते. दादांनीच तो हळूच खाली घेतला.

सांधा फिरविल्याने थोडा गुण आला, पूर्ण नाही. क्लचच्या घराच्या तळाशी एक लहान छिद्र असते. तेथून तेल ठिबकत होते. मिस्त्रींनी ते बोटांत चोळून हुंगले. काळे, पातळ असते तर इंजिनाचे; हे दाट होते, गिअरच्या तेलाचा उग्र वास येत होता. म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढचे ऑइल सील गेलेले आणि चकती तेलात भिजलेली. आता ट्रॅक्टर मधून दुभंगणे प्राप्त होते.

हे काम जपून करण्याचे आहे. मोटारीसारखा सांगाडा ट्रॅक्टरला नसतो. इंजिन आणि गिअरबॉक्स हीच त्याची पाठ. शिवाय पुढचा आस मधल्या खिळीवर झुलता असतो. दोन्ही बाजूंस लाकडी पाचरी ठोकल्या नाहीत तर सुटे झालेले इंजिन कुशीवर कोसळते. मिस्त्रींनी पाचरी ठोकल्या, मागच्या धडाखाली रेल्वेच्या जुन्या स्लीपरांचे ठोकळे रचले, बॅटरी सोडविली, आणि मगच पाना उचलला. आतली भुकटी फुंकावयास निघालेल्या पुतण्यास त्यांनी दटावले. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे, ते फुप्फुसास घातक. ओल्या फडक्याने पुसणेच बरे.

चकतीचे अस्तर रिव्हेटांपर्यंत झिजले होते, फ्लायव्हीलवर उष्णतेचे निळे डाग पडले होते. आम्ही दुसऱ्या दिवशी फ्लायव्हील घेऊन राणीगंजात आलो. लेथवर त्याचा मुखवटा हलकेच सपाट केला, सील, चकती आणि रिलीज बेअरिंग नवे घेतले. स्प्रिंगा शाबूत निघाल्या. जोडणीच्या वेळी मिस्त्रींनी जुन्या शाफ्टाचा तुकडा घालून चकती नेमकी मध्यावर धरली आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट आळीपाळीने, समोरासमोरचे, थोडेथोडे आवळले. एकाच बाजूने आवळले तर प्लेट वाकते. दोन्ही धडे जुळताना शाफ्ट अडला, तेव्हा आमच्या पुतण्याने जोर लावावयास सुरुवात केली. मिस्त्रींनी त्याला थांबवून इंजिन हाताने किंचित फिरविले. शाफ्ट आपसूक आत गेला.

मृगाच्या दुसऱ्या सरीनंतर वाफसा आला. दादा स्वतः पेरणीस बसले. आम्ही बांधावर उभे होतो. चढाचा तुकडा आला तेव्हा इंजिनाचा आवाज किंचित दबला आणि चाके पुढे सरली. दादांचा डावा पाय पायट्यापासून दूर, फूटबोर्डावर, सरळ टेकलेला होता.