जुन्या मोटारीचा क्लच

पुण्याहून नगरकडे जाणारा रस्ता आणि चाकणकडून येणारा रस्ता शिक्रापूर येथे एकमेकांस मिळतात. या चौकात मालमोटारी, एस. टी. गाड्या, उसाचे ट्रॅक्टर आणि दुचाकी यांची सदैव गर्दी असते. अशा ठिकाणी मोटारीला घडोघडी थांबावे लागते आणि पुन्हा निघावे लागते. थांबलेल्या मोटारीचे इंजिन फिरतच असते. चाके मात्र स्थिर असतात. इंजिन आणि चाके यांची ही तात्पुरती फारकत करून देणाऱ्या यंत्रणेस क्लच असे म्हणतात.

क्लचमध्ये घर्षणाचे अस्तर लावलेली एक वाटोळी तबकडी असते. बळकट स्प्रिंगेच्या दाबामुळे ती इंजिनाच्या जड चाकाला घट्ट चिकटून त्याच्यासह फिरते आणि इंजिनाची शक्ती गियरपेटीकडे पोहोचविते. चालकाने डाव्या पायाने पट्टी दाबली की स्प्रिंगेचा दाब दूर होतो, तबकडी सुटी होते आणि गियर बदलता येतो. पट्टी दाबूनही तबकडी पुरती सुटली नाही, तर गियरचे दाते एकमेकांवर घासून करकर वाजतात. मोटार गियरमध्ये उभी असताना तबकडी अचानक पकडली गेली, तर ती झटक्याने पुढे सरकते. समोरून माणसे रस्ता ओलांडीत असतील, तर हा झटका प्राणावरही बेतू शकतो.

चालकाच्या पायाचे बळ क्लचपर्यंत नेण्याचे काम पूर्वी लोखंडी दांडे आणि तारा करीत. पुढे अनेक मोटारींत हे काम द्रवाकडे सोपविण्यात आले. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा नियम पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात मांडला. त्याच नियमाच्या आधारे इंग्लंडमधील जोसेफ ब्रॅमा याने १७९५ साली द्रवाच्या दाबावर चालणारे दाबयंत्र तयार केले. मोटारीचा क्लच हे त्याच तत्त्वाचे एक लहान रूप होय.

एम. जी. बी. या इंग्रजी स्पोर्ट्स मोटारीचे उदाहरण या बाबतीत बोधप्रद आहे. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांहून अधिक मोटारी तयार झाल्या. या मोटारीत पायपट्टीजवळ एक नळकांडे असते. त्याला कारागीर मास्टर सिलिंडर म्हणतात. दुसरे नळकांडे गियरपेटीवर बसविलेले असते. ते स्लेव्ह सिलिंडर. दोहोंना जोडणारी बारीक नळी द्रवाने भरलेली असते. पट्टी दाबली की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या द्रवाला रेटतो, आणि तो दाब स्लेव्ह सिलिंडरमधील दट्ट्याला पुढे ढकलून क्लच सोडवितो.

या दोन नळकांड्यांची मापे सारखी नसतात. पहिल्याचा आतील व्यास पाऊण इंच, तर दुसऱ्याचा सव्वा इंच असतो. व्यासांचे प्रमाण ३ : ५ असल्यामुळे क्षेत्रफळांचे प्रमाण ९ : २५ होते. पहिल्या दट्ट्यावर ९ किलोग्रॅम वजनाइतका जोर दिला, तर दुसऱ्यावर २५ किलोग्रॅम वजनाइतका जोर मिळतो. परंतु निसर्ग काहीही फुकट देत नाही. पहिला दट्ट्या २५ मिलिमीटर सरकतो, तेव्हा दुसरा केवळ ९ मिलिमीटर सरकतो. जितका जोर वाढला, तितके अंतर घटले.

ही सर्व यंत्रणा अवलंबून असते ती रबराच्या एका लहानशा वाटीवर. दट्ट्याच्या टोकाशी बसविलेल्या या वाटीची कड नळकांड्याच्या भिंतीला चिकटून राहते आणि द्रवाला मागे निसटू देत नाही. वर्षे लोटली की रबर कडक होते, त्याला चिरा पडतात. या यंत्रणेतील नेहमीचा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. यास्तव तो वेळेवर बदलला नाही, तर नळकांडे आतून गंजते आणि गंजाचे खड्डे रबराची कड कुरतडतात. मग द्रव झिरपू लागतो, पट्टी पायाखाली मऊ लागते, आणि एके दिवशी ती जमिनीला टेकली तरी क्लच सुटत नाही.

दोष नेमका कोठे आहे, हे लक्षणांवरून ओळखता येते. पायपट्टीच्या दांड्यावरून द्रवाचे ओघळ आले असतील, तर मास्टर सिलिंडर गळत आहे असे समजावे. गियरपेटीजवळील नळकांड्याचे रबरी टोपण ओले दिसले, तर स्लेव्ह सिलिंडर निकामी झाला आहे. कोठेही गळती नसता दाबून धरलेली पट्टी हळूहळू खाली जात असेल, तर मास्टर सिलिंडरमधील वाटी आतल्या आत द्रव सोडीत असते. पट्टी स्पंजासारखी लागली आणि दोनचार वेळा दाबल्यावर सुधारली, तर बहुधा द्रवात हवा शिरलेली असते. कारण द्रव सहसा दबत नाही. हवा मात्र दबते.

दोष कळला, तरी जुन्या मोटारीचा भाग मिळविणे हे निराळेच काम आहे. शिक्रापूरच्या भोवती सणसवाडी, रांजणगाव आणि चाकण येथे कारखान्यांची दाटी आहे. रांजणगावात तर मोटारीच तयार होतात. परंतु साठ वर्षांपूर्वीच्या परदेशी मोटारीचा भाग तेथे मिळण्याची आशा नसते. त्याचा शोध पुण्याच्या नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांत, बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात किंवा मुंबईतील कुर्ल्याच्या दुकानांत घ्यावा लागतो. एम. जी. बी.चे चाहते जगभर असल्यामुळे तिची नळकांडी व रबरी वाट्या परदेशात आजही नव्याने तयार होतात, आणि त्या मागविताही येतात.

या शोधात एक मोह टाळावा लागतो. दुकानदार एखादे नळकांडे दाखवून ‘हेही बसेल’ असे सांगतो. ते पेचांच्या छिद्रांवर बरोबर बसतेही. पण त्याचा आतील व्यास पाऊण इंचाऐवजी पाच अष्टमांश इंच असतो. मग क्षेत्रफळांचे प्रमाण १ : ४ होते. पट्टी दाबताना पायाला हलकी लागते आणि मालक संतुष्ट होतो. परंतु जेथे दुसरा दट्ट्या ९ मिलिमीटर सरकावयास हवा, तेथे तो सव्वासहा मिलिमीटरच सरकतो. क्लच अर्धवट सुटतो आणि गियरचे दाते झिजू लागतात. म्हणून कुशल कारागीर जुना भाग फेकून देत नाही. तो त्यावरील क्रमांक वाचतो, व्यास मोजमापाने पडताळतो आणि मगच नवा भाग विकत घेतो.

नवे नळकांडे न मिळाल्यास जुने दुरुस्त करता येते. गंजाचे खड्डे खोल असतील, तर लेथवर ते आतून मोठे करून त्यात पितळेची किंवा न गंजणाऱ्या पोलादाची नळी बसवितात आणि मूळ व्यास पुन्हा साधतात. मूळ रूप जपण्यालाही महत्त्व आहे. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी खास नियम केले. त्यांत वाहनाचा सांगाडा, बाह्यांग व इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे.

भाग बसविताना स्वच्छता सर्वांत महत्त्वाची असते. रबराच्या वाटीला पेट्रोलचा अथवा इंजिनाच्या तेलाचा स्पर्शही होऊ देत नाहीत. त्यामुळे रबर फुगते. वाटीची कड द्रवाच्या बाजूस येईल अशीच ती बसवावी लागते. मोटारीखाली शिरण्यापूर्वी ती केवळ जॅकवर न ठेवता भक्कम आधारांवर टेकवितात. द्रव रंगावर सांडला तर रंग उखडतो. यासाठी तो तत्काळ पाण्याने धुतात.

शेवटी नळीतील हवा काढावयाची असते. या कामाला दोन माणसे लागतात. एक जण पट्टी दाबून धरतो. दुसरा स्लेव्ह सिलिंडरवरील लहान पेच सैल करतो. त्याला जोडलेल्या पारदर्शक नळीतून द्रवासह बुडबुडे बाहेर पडतात. पेच आवळल्यावरच पट्टी सोडावयाची. बुडबुडे थांबेपर्यंत हा क्रम धीराने चालू ठेवतात आणि टाकीतील द्रव संपू देत नाहीत. नाही तर हवा पुन्हा आत शिरते व सारे श्रम वाया जातात.

मोटारीचा वेग सर्वांच्या नजरेत भरतो, रबराची वाटी कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. तरीही त्या वेगवान मोटारीला चौकात वेळेवर आवरणे शक्य होते, ते या वाटीमुळे, आणि ती अचूक मापाने बसविणाऱ्या कारागिराच्या प्रामाणिक हातांमुळे. काम लहान असो वा मोठे, जवळपास बरोबर म्हणजे बरोबर नव्हे, हे त्या कारागिराला पक्के ठाऊक असते.