घराचा खर्च आणि दुकानाचा गल्ला

लग्नसराई संपून पावसाळ्याची मंदी सुरू झाली, की आमच्या गादीवर येऊन बसणाऱ्या मित्रांची एक तक्रार ठरलेली असते. "धंदा तसा बरा आहे, पण घरात पैसा टिकत नाही. बायकोला काटकसर समजत नाही. तिला कसं समजवावं?" कुणी शिलाईकाम करणारा असतो, कुणी चपलांचा दुकानदार, कुणी केळीच्या गाड्यांची दलाली करणारा. आम्ही मान डोलावत असू, कारण संसाराची पहिली वीस वर्षे आम्हीही हेच म्हणत होतो. आमची ही समजूत कशी मोडली ते आधी सांगतो, कारण बाकीचा सारा हिशेब तिथून सुरू होतो.

8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या जुन्या नोटा बंद झाल्या. फैजपूरच्या बाजारात दुसऱ्या दिवशी शुकशुकाट होता. लग्नाचा बस्ता बांधायला येणारी खेड्यापाड्यांतली गिऱ्हाइके थांबली आणि बाहेरगावच्या व्यापाऱ्याचे देणे तर डोक्यावर उभे. तिसऱ्या दिवशी रात्री आमच्या बेगमनी स्वयंपाकघरातून उडदाच्या डाळीचा डबा आणला आणि दस्तरखानावर उपडा केला. डाळीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेल्या पाचशेच्या नोटा निघाल्या. मोजल्या तर साडेएकतीस हजार. ज्या घरखर्चावरून आम्ही दर महिन्याला कटकट करत होतो, त्याच घरखर्चातून त्यांनी हे वाचवले होते. त्या दिवसांत अशा नोटा देशभरातल्या डाळ-तांदळाच्या डब्यांतून निघाल्या. गृहिणींच्या अडीच लाखांपर्यंतच्या भरण्याची चौकशी होणार नाही, असे सरकारला तेव्हा जाहीर करावे लागले होते, हे वाचकांना आठवत असेल.

आम्ही विचारले, "हे आमच्यापासून लपवून का ठेवलं?" त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर दुकानात गेलं असतं." मग त्यांनी उलट विचारले, "तुम्ही मला हात आखडा म्हणता. दुकानात महिन्याला खर्चवेच जाऊन उरतात किती, ते तरी सांगा." चोवीस वर्षे धंद्यात असून आम्हाला त्याचे उत्तर देता आले नाही. विक्रीचा आकडा माहीत होता, उधारीचा अंदाज होता, पण सुटतात किती हे ठाऊक नव्हते. कारण लागतील तसे पैसे आम्ही गल्ल्यातून काढून घरी नेत होतो.

आमच्यासारख्या छोट्या व्यापाऱ्याचा खरा रोग हाच आहे. घर आणि दुकान यांचा पैसा एकाच पेटीत असतो. हंगामात पेटी भरलेली दिसते, म्हणून हात सैल सुटतो. पण त्या पेटीतले बहुतेक पैसे आपले नसतातच, ते सुरतेच्या, मालेगावच्या, इचलकरंजीच्या माल देणाऱ्याचे असतात. शंभर रुपयांच्या कापडात आपले दहा-बारा रुपये. आपण मात्र शंभरातून खर्च करतो आणि मंदीत ओरड बायकोच्या नावाने करतो. तिला दिसते ती भरलेली पेटी. मागच्या महिन्यात मागितले तेव्हा लगेच मिळाले आणि या महिन्यात का नाही, हे तिने कशावरून ओळखावे?

तेव्हा बायकोला काटकसर शिकवू पाहणाऱ्याने पहिले काम स्वतःचे करावे. मागच्या बारा महिन्यांचा निव्वळ नफा काढावा, त्यातले दोन-तीन सर्वात वाईट महिने पाहावेत, आणि त्या महिन्यांतही झेपेल अशी रक्कम घरासाठी बांधून द्यावी. ती महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला, न मागता तिच्या हातात किंवा तिच्या खात्यात जावी. हंगामात जास्त सुटले तर ते दुकानातच राहू द्यावे, मंदीच्या महिन्याला तेच पुरतात. आणि बांधून दिलेल्या रकमेतून तिने काही वाचवले तर ते तिचे. अडचणीच्या वेळी मागायचेच झाले तर कर्ज म्हणून मागावे आणि वहीत लिहून परत करावे. आम्ही ते साडेएकतीस हजार दुकानाच्या देण्यासाठी घेतले आणि फेडायला सात महिने लावले. पण फेडले. दोनशेच्या जागी दीडशेत भाजी कशी भागवायची याचा विचार बेगम आपणहून करू लागल्या त्या यानंतरच.

यात दीनाच्या शिकवणुकीविरुद्ध काही नाही, उलट तिचाच भाग आहे. घरखर्चाची, म्हणजे नफक्याची, जबाबदारी शरियतने नवऱ्यावर टाकली आहे. अबू सुफियान हात आखडून खर्चाला देतात, अशी त्यांच्या पत्नी हिंद यांची तक्रार होती. तेव्हा तुला आणि मुलांना रीतीप्रमाणे पुरेल इतके घे, असे रसूलुल्लाह सल्ल. यांनी त्यांना सांगितल्याचे हदीसमध्ये आले आहे. इस्राफावर आपण पुष्कळ बयान ऐकतो. कंजुषीलाही तितकीच मनाई आहे, हे ऐकताना मात्र आपले लक्ष घड्याळाकडे असते.

दुसरी गोष्ट वहीची. आमच्या घरी साधी शंभर पानी वही आहे. बेगम ती उर्दूत लिहितात, उजवीकडून. एका पानावर जमा, समोरच्या पानावर खर्च. (जमा, खर्च, हिशेब, बाकी हे सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठी व्यापाऱ्याच्या तोंडी येऊन कित्येक शतके झाली. गावातल्या कुठल्याही पेढीवर ते चालतात.) जपानमध्ये हानी मोटोको नावाच्या पत्रकार बाईंनी 1904 साली घरखर्चाची छापील वही काढली. घरोघरच्या बायका रोजचा खर्च लिहू लागल्या आणि ती पद्धत तिथे आजतागायत टिकून आहे. लिहिल्याने खर्च लगेच कमी होत नाही, पण दिसू लागतो. आता मोबाइलवरून पैसे द्यायची सोय झाल्यापासून तर याची गरज वाढली आहे. नोट मोडताना हाताला जे जाणवायचे ते आता जाणवत नाही. वही दोघांनी लिहावी, ही अट. नवऱ्याचा खर्च वहीत नसेल तर ती वही बायकोवरची पहाऱ्याची चौकी होते, आणि मग त्यात खोटे आकडे येऊ लागतात.

आता धान्याचे पाहू. आपल्याकडे गहू मार्च-एप्रिलमध्ये बाजारात येतो. वर्षाचा गहू तेव्हा भरावा, उन्हात वाळवून, एरंडेल चोळून, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत ठेवावा, ही खान्देशातल्या घरोघरची रीत. तूरडाळ, मिरची, उन्हाळ्यातले पापड-कुरडया हेही तसेच. पण नेमके त्याच वेळी आपण लग्नसराईचा माल भरलेला असतो, म्हणून घरात सांगतो, "आत्ता नाही, पुढे बघू." पुढे वर्षभर किराणा दुकानातून पाच-पाच किलो येत राहते. महिन्याला पंचवीस किलो, म्हणजे वर्षाला तीन क्विंटल गहू लागत असेल आणि किलोमागे चार रुपये जास्त पडत असतील, तर बाराशे रुपये नुसत्या गव्हात गेले. डाळ-तेलाचे निराळे. हे नुकसान बायकोच्या उधळपट्टीचे नाही, आपण वेळेवर रक्कम न दिल्याचे आहे. त्यासाठी हिवाळ्याच्या लग्नतिथींतल्या विक्रीतूनच धान्याचे पैसे बाजूला काढून ठेवावेत.

ईदच्या खर्चाचे गणित आणखी वेगळे. चांद्र वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून ईद दरवर्षी तितकी अलीकडे सरकते. काही वर्षे ती ऐन हंगामात येते, तेव्हा खर्च झाल्याचे कळतही नाही. मग सरकत सरकत मंदीत येते आणि त्याच खर्चाने कंबर मोडते. आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांनी यावर भिशीचा उपाय काढला आहे. बारा जणी, चांदाच्या बारा महिन्यांची भिशी. ज्यांना ईदला पैसे हवेत त्या शाबानचा नंबर मागून घेतात. व्याज नाही, कागद नाही, विश्वासावर चालते. रक्कम झेपेल इतकीच ठेवावी आणि माणसे ओळखीचीच घ्यावीत, एवढे मात्र पाहावे.

कापडाबद्दल बोलणे म्हणजे आमच्याच पोटावर पाय, तरी सांगतो. मीटरचा भाव विचारून कापड घेऊ नये, कपड्याचा भाव काढावा. 36 इंच पन्ह्याच्या कापडात पूर्ण बाहीच्या सदऱ्याला अडीच मीटर लागते, 58 इंच पन्ह्यात 1.60 मीटरमध्ये होतो. पहिले 120 रुपये मीटर असेल तर सदरा 300 ला पडला. दुसरे 170 रुपये मीटर असूनही 272 लाच पडला. महाग वाटले तेच स्वस्त. सुती कापड शिवायला टाकण्यापूर्वी एकदा भिजवून वाळवून घ्यावे, नाहीतर पहिल्या धुण्यात आखडते आणि मुलाचा नवा कपडा धाकट्याला द्यावा लागतो. आणि चाँदरातच्या गर्दीत खरेदी करू नये. त्या रात्री आम्ही दुकानदार भाव सोडत नाही, गिऱ्हाइकालाही निवड करायला वेळ नसतो. रमजानच्या महिनाभर आधी या, चहा पाजू.

बायकांना काटकसर नको असते असे नाही. त्यांना भीती असते ती नातेवाइकांची. नणंदेच्या मुलाच्या निकाहाला तोच जोडा दुसऱ्यांदा घातला तर चारचौघींत काय होईल, हे आपल्याला कळत नाही. याला आमच्या गावातलाच दाखला द्यावासा वाटतो. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचे अधिवेशन फैजपूरला झाले, खेड्यात भरलेले पहिलेच. अध्यक्ष पंडित नेहरू. नंदलाल बोस यांनी ते टिळकनगर सजवले ते बांबू आणि आसपास मिळणाऱ्या साध्या वस्तू वापरून. देशभरातले पुढारी तिथे बसले आणि त्या सजावटीचे आजही नाव निघते. बेगमना आम्ही हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग तुम्हीही तुमच्या बहिणींसमोर माझ्या जुन्या जोड्याची तारीफ करा." बरोबर होते. जुना दुपट्टा नव्याने रंगवून घेणे ही तर इथे लाजेची गोष्ट नसावी. एके काळी हे गाव छापील कापडासाठी आणि नीळ व आलाच्या रंगासाठी नावाजलेले होते.

काही जागी मात्र कात्री लावू नये. मुलांचे दूध, औषध, मुलींच्या शाळेची फी आणि बायकोचे दुखणे. "थोडं अंगावर काढ" म्हणून वाचवलेले पैसे पुढे जळगावच्या दवाखान्यात किती पटीने भरावे लागतात, हे अनेकांनी पाहिले आहे. लग्नातल्या वलीम्याच्या थाटावर स्वतंत्र लिहावे लागेल, इथे जागा नाही.

नवऱ्याचा खर्च वहीत लिहावा असे वर म्हटले. आम्ही लिहू लागलो तेव्हा पहिल्याच महिन्यात "दुकान, चहा" या ओळीसमोर आकडा आला 1200. दहा रुपयांचे रोज चार चहा, काही आमचे, काही येणाऱ्या-जाणाऱ्यांचे. वर्षाचे 14,400. बेगमनी त्याला लाल शाईने गोल केला, बोलल्या काहीच नाहीत. दुसऱ्या आठवड्यात आम्ही थर्मास आणला. आता गादीवर घरचा चहा असतो, आणि तक्रार घेऊन येणाऱ्या मित्रांना आम्ही त्यातलाच देतो.